स्पाइस गर्ल्स फुटल्या त्या जेरीमुळेच का?

कॅसेटवाली:
काल स्पाइस गर्ल्सचं (ब्रिटनच्या पाच पोरींचा पॉप ग्रुप) वॉनाबी लागलं आणि परत तोच विषय डोक्यात. जुलै १९९६ ला हे त्यांचं पहिलं गाणं येतं काय, ब्रिटनमध्ये ७ आठवडे एक नंबरला बसतं काय, आणि धड दोन वर्षं पण होत नाहीत तोवर ३१ मे १९९८ ला पाचांतली जेरी हॅलिवेल बाहेर. ताई म्हणते जेरीनेच माती केली. मला नाही पटत, जाणकारांनी बोला जरा.

बेसूर:
ताईला अनुमोदन. १९९७ च्या ब्रिट अवॉर्ड्सला (ब्रिटनचे संगीत पुरस्कार) तिने काळ्या ड्रेसवर ब्रिटिश झेंड्याचा टी टॉवेल शिवून घेतलेला, म्हणजे चक्क भांडी पुसायचं फडकं हो! आणि आज ग्रुप म्हटलं की सगळ्यांना तेच फडकं आठवतं. ती गेल्यावर चौघींच्या फोटोत मधे कोणीतरी उठून गेल्यासारखं वाटायचं.

ढोलकीबहाद्दर:
जेरी जेरी काय लावलंय, गाडी घसरली ती नोव्हेंबर १९९७ मध्ये, सायमन फुलर मॅनेजरला काढलं तेव्हा. त्याच्या आधी १९९४ ला हर्बर्ट बापलेकांनी, म्हणजे त्यांच्या पहिल्या मॅनेजरांनी, पेपरात जाहिरात देऊन पोरी गोळा केल्या, इंग्लंडात मेडनहेडला एका घरात ठेवून तालमी करून घेतल्या, पण काँट्रॅक्टवर सह्याच नाहीत, मग पोरी गेल्या उठून! पुढे फुलर आला आणि पेप्सीपासून पोलरॉइडपर्यंत जाहिराती, बाहुल्या, सिनेमा, वर दौरे, श्वास घ्यायला फुरसत नाही. त्याला काढलं ते चुकलं असं मी म्हणत नाहीये, पण वर्ल्ड टूर तोंडावर आणि सगळा गाडा पाच दमलेल्या पोरींच्या गळ्यात, भांडण झालं तर मधे पडणारं कोण? पुढच्या सहा-सात महिन्यांत जेरी गेली, आश्चर्य कसलं.

निवांत_नलू:
पण जेरी गेली म्हणून ग्रुप कुठे बुडाला? चौघींनी अमेरिका टूर केली, डिसेंबर १९९८ ला गुडबाय हे गाणं आलं आणि लागोपाठ तिसऱ्या ख्रिसमसला एक नंबर त्यांचाच. खरं म्हणजे तेव्हा मेल बी आणि व्हिक्टोरिया दोघींना दिवस गेलेले, मेल सी गायक ब्रायन अ‍ॅडम्सबरोबर गात होती, प्रत्येकीचं आपापलं सुरू झालेलं. २००० ला फॉरेव्हर अल्बम येईपर्यंत उशीर झाला होता, आणि साउंड पण बदलून एकदम आर अँड बी. मला त्यातलं होलर गाणं आवडतं, मारा दगड.

बेसूर:
होलर?? नलूताई तुम्ही पण ना 😄

कॅसेटवाली:
हर्बर्टचं माहीतच नव्हतं, मस्त. ढोलकीबहाद्दर, तुमचं उत्तर ताईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, फुलरला काढायला पुढाकार कोणाचा होता म्हणतात? जेरीचाच ना?

ढोलकीबहाद्दर:
ताईंना नमस्कार सांगा.