थंडीत सायकल सुटतेय, काय करू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी टिळकवाडीचा, वय ४७, नोकरी बैठी. तीन वर्षं सायकल चालवतोय. बेळगावच्या पावसात सायकल बंद म्हणजे बंदच. गणपती गेले की सुरू करायची, दसऱ्यापर्यंत पाय मोकळे व्हायचे आणि दिवाळी झाली की पांघरूण सुटत नाही. गेल्या वर्षी मार्गशीर्षात भिंतीला टेकवलेली सायकल थेट होळीला बाहेर काढली. तोवर वजन ४ किलोनं वाढलेलं. (त्यात कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावी मिठाईचा, वाटा आहे, पण तो विषय वेगळा.)

उत्तरेकडचे लोक हसतील, आमच्याकडे असून असून थंडी ती किती? खरी अडचण अंधाराची आहे. जानेवारीत सूर्य उगवेपर्यंत सात वाजतात आणि साडेनऊला ऑफिसात हजर व्हायचं असतं. माझा रस्ता वेंगुर्ल्याचा: हिंडलगा, सुळगा, बाची, शिनोळीला महाराष्ट्रातला चहा पिऊन परत. गळीत हंगाम लागला की याच रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. डबल ट्रॉली, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही अंगांनी लोंबतोय. मागच्या डिसेंबरात धुक्यात एका उभ्या ट्रॉलीपासून दोन हातांवर ब्रेक लागला. सायकलला दिवा होता, पण दाट धुक्यात तो धुकंच उजळतो. घरी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र गजर वाजला की बंद करायला लागलो. कोणी विचारलं तर म्हणायचं, थंडी आहे.

व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात चालून पाहिलं. झाडं छान आहेत, पण चालण्यानं सायकलची भूक भागत नाही. रविवारी ऊन आल्यावर राजहंसगड केला. चढाला घाम आणि उतरताना तोच घाम बर्फासारखा. मग उतरण्याआधी जर्सीत छातीवर 'तरुण भारत'ची घडी सरकवली. वारा खरंच अडतो. (अंक आधी वाचून घ्या, नंतर वाचण्याजोगा राहत नाही.) उजवा गुडघा पहिले ५-६ किलोमीटर कुरकुरतो. हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवले आणि गुडघे झाकले तर बराच कमी.

आता विचारायचं ते असं. मागचं चाक अडकवून घरात चालवायचा साधा ट्रेनर घ्यावा का? आम्ही पहिल्या मजल्यावर, खाली घरमालकीण आजी, त्यांची झोप हलकी. आठवड्यात तीन दिवस घरात ४० मिनिटं आणि रविवारी एक लांब फेरी, एवढ्यावर दम टिकतो का? आणि संध्याकाळी काँग्रेस रोडला फेऱ्या मारणारं कोणी आहे का? एकट्याला कंटाळा येतो बघा.

अपडेट: उत्तरांबद्दल आभार. ट्रेनर घेतला तर पुढ्यात पंखा हवाच, मागं जुना टायर चढवायचा आणि खाली जाड रबरी मॅट, हे पटलं. तहान लागली नाही तरी पाणी प्यायचं, हेही मी करत नव्हतो. पहाटेचा नाद सोडलाय. रविवारी आठ वाजता, ऊन अंगावर घेत, येळ्ळूरच्या रस्त्यानं निघतोय. दोघं येतो म्हणालेत.

ट्रॉलीची गोष्ट बायकोला आता कळली. ती हे सगळं वाचते हे माझ्या लक्षातच नव्हतं. मागचा लाल दिवा तिनंच आणून दिलाय, दोन-दोन.