फुल्यांची अर्पणपत्रिका, कोलफॅक्सची पाटी आणि इतिहासकाराने आजच्या राजकारणावर बोलावं का

जुनी वही

१८७३ साली जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' निघालं. पुस्तक मराठी, अर्पणपत्रिका इंग्रजी. गुलामांना दास्यातून सोडवताना अमेरिकेतल्या सदाचारी लोकांनी जो निरपेक्षपणा दाखवला, त्याच्या आदरापोटी हे पुस्तक त्यांना अर्पण, आणि आपल्या शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी माझ्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, असा तिचा आशय. बत्तीस वर्षं कॉलेजात ती वाचून दाखवली. त्याच वर्षीच्या १३ एप्रिलकडे माझं लक्ष मात्र निवृत्त झाल्यावर गेलं.

त्या दिवशी ईस्टरचा रविवार होता. लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात, वादग्रस्त निवडणुकीनंतर, काळ्या नागरिकांनी तिथलं कोर्टघर ताब्यात ठेवलं होतं. गोऱ्यांची सशस्त्र टोळी एक लहान तोफ घेऊन आली, इमारतीला आग लावली, शरण आलेल्यांना गोळ्या घातल्या. बरेचसे तर पकडल्यानंतर, रात्री मारले गेले. मेलेल्यांचा आकडा साठपासून दीडशेपर्यंत सांगतात. गोरे मेले तीन. खटल्यात जेमतेम तिघांना शिक्षा झाली, तीही १८७६ साली सुप्रीम कोर्टात उडाली. कोर्टाचं म्हणणं, नागरिकत्व आणि समान हक्क देणारी १४वी घटनादुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी माणसांना नाही.

आणि विसाव्या शतकाच्या मध्यात राज्य सरकारने तिथे पाटी लावली. तिच्यावर 'दंगल' हा शब्द होता, आणि या घटनेने दक्षिणेतलं उपऱ्यांचं कुशासन संपलं असं अभिमानाने लिहिलं होतं. ती पाटी निघाली २०२१ मध्ये.

सत्तर वर्षं पाटी टिकते ती इतिहासाची पुस्तकंही तेच सांगत असतात म्हणून. अमेरिकेच्या यादवी युद्धानंतरच्या रिकन्स्ट्रक्शनचा, म्हणजे १८६५ ते १८७७ च्या पुनर्रचनेचा 'अधिकृत' इतिहास कोलंबिया विद्यापीठातले विल्यम डनिंग आणि त्यांचे विद्यार्थी यांनी लिहिला. सार असं: काळे मताधिकाराला लायक नव्हते, उत्तरेकडचे लुटारू त्यांना नाचवत होते, गोऱ्यांनी शेवटी घर सावरलं. काळे इतिहासकार ड्यू बॉइस यांनी १९०९ मध्ये इतिहासकारांच्या अधिवेशनात उलट निबंध वाचला: सार्वजनिक शाळा, नव्या राज्यघटना, गरीब गोऱ्यांनाही मिळालेले हक्क हे पुनर्रचनेच्या काळातल्या दक्षिणेतल्या सरकारांचं काम. पुढच्या वर्षी तो छापला गेला. 'निग्रो'चं पहिलं अक्षर कॅपिटल करा, एवढीच त्यांनी विनंती केली होती. संपादकांनी ती नाकारली.

सध्या ड्यू बॉइस यांचं रिकन्स्ट्रक्शनवरचं १९३५ सालचं पुस्तक वाचतोय. सातशेच्या वर पानं आहेत, म्हणून शेवटून सुरुवात केली. (माझ्या विद्यार्थ्यांनी हे वाचू नये.) शेवटच्या प्रकरणात ते पाठ्यपुस्तकं आणि प्राध्यापकांची झाडाझडती घेतात. एका जगप्रसिद्ध ज्ञानकोशाने त्यांच्याकडून लेख मागवला होता, त्यातलं एक वाक्य संपादकांना चालेना. वाक्य काय, तर काळ्यांच्या निष्ठेने आणि मतांनी दक्षिण पुन्हा संघराज्यात आली आणि शाळा उभ्या राहिल्या. त्यांनी लेखच परत घेतला.

माझं म्हणणं असं की 'मी इतिहासकार, आजच्या राजकारणात पडत नाही' हे सोवळं डनिंगच्या शिष्यांनीही नेसलं होतं. आज १४व्या दुरुस्तीवर अमेरिकेत पुन्हा खल चालू आहे. अशा वेळी त्या काळाच्या अभ्यासकाने गप्प बसणं मला पटत नाही. बोला.

---

तळटीप

साफ असहमत, सर. तुम्ही रोग्याला रोगच औषध म्हणून देताय.

डनिंग आणि मंडळी सोवळ्यात नव्हतीच. काळ्यांचा मताधिकार काढून घेतला जात होता त्याच वर्षांत ती लिहीत होती आणि त्या राजकारणाला लागेल तसा भूतकाळ पुरवत होती. वर्तमानाकडे डोळा ठेवून इतिहास लिहिला की काय होतं, याचा याहून चांगला नमुना कुठला? आणि तुम्ही म्हणता, इतिहासकाराने वर्तमानाकडे डोळा ठेवावा.

ड्यू बॉइस खरे ठरले ते पुराव्याचं वाचन खरं होतं म्हणून, बाजू चांगली होती म्हणून नाही. त्यांच्याही पुस्तकात ढिसाळ जागा आहेत. गुलामांनी मळे सोडून पळणं याला ते 'सार्वत्रिक संप' म्हणतात, तो शब्द १९३५ च्या डाव्या वाऱ्यावर आलाय. आणि मूळ दफ्तरांपेक्षा छापील साधनांवर त्यांची भिस्त जास्त आहे.

रच्याकने, हल्ली प्रत्येक निवडणुकीनंतर कोणीतरी 'पुन्हा १८७७' अशी आरोळी ठोकतं. १८७७ ला नेमकं झालं काय, हे त्यातल्या किती जणांना माहीत असतं?

---

जुनी वही

दफ्तरांचा मुद्दा काढलात ते बरं झालं. ड्यू बॉइस छापील साधनांवर का विसंबले? दक्षिणेतल्या बऱ्याच दफ्तरखान्यांत काळ्या माणसाला बसायला जागाच नव्हती. १९३९ चा किस्सा सांगतो. जॉन होप फ्रँकलिन तेव्हा तरुण संशोधक, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात सरकारी दफ्तरखान्यात गेले. काळ्या वाचकाची सोयच नव्हती, म्हणून त्यांना वेगळी खोली दिली आणि गोऱ्या कर्मचाऱ्यांना त्यांची सेवा करावी लागू नये म्हणून थेट कपाटांची किल्लीही. दोन आठवड्यांत गोऱ्या संशोधकांनी तक्रार केली: यांनाच किल्ली का, हा आमच्यावर अन्याय! किल्ली काढून घेतली.

तेव्हा तळटिपा मोजताना त्या कोणाच्या कपाटातल्या आहेत तेही बघावं. (तुमच्या आयडीवर शेरा नाही हो.)

आणि एक फरक तुम्ही सोडताय. ड्यू बॉइस सुरुवातीलाच वाचकाला सांगून टाकतात की काळा माणूस इतरांसारखाच माणूस आहे असं धरून मी लिहिणार, हे ज्याला मान्य नाही त्याला माझे पुरावे पटणार नाहीत. डनिंगच्या शिष्यांनी आपलं गृहीतक शास्त्राच्या कोटाखाली घातलं.

---

एडिसनकर

पंधरा वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज राहवलं नाही.

२० जानेवारी २०२५ ला जन्मसिद्ध नागरिकत्वाबद्दलचा ट्रम्प यांचा तो आदेश निघाला तेव्हा बायकोला आठवा महिना होता. मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ती माझ्यामुळे मिळालेल्या एच-फोरवर. आदेश सरळ होता: आई तात्पुरत्या व्हिसावर आणि बाप ना नागरिक ना ग्रीन कार्डवाला, तर तीस दिवसांनंतर जन्मलेलं मूल नागरिक नाही. डॉक्टरांनी दिलेली तारीख मार्चमधली. सासूबाई तिकडे डिंकाचे लाडू वळतायत, आणि आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर १४वी दुरुस्ती वाचतोय. एक वाक्य, दहा वेळा: अमेरिकेत जन्मलेला आणि त्याच्या अधिकारक्षेत्राखालील प्रत्येक जण नागरिक. 'त्याच्या अधिकारक्षेत्राखालील' या शब्दांवर आमचं भांडणसुद्धा झालं.

कोर्टांनी स्थगिती दिली, मुलगी झाली, पासपोर्ट आला. पण तोवर मला हेही ठाऊक नव्हतं की हे वाक्य १८६८ साली सुटलेल्या गुलामांसाठी लिहिलं गेलं, कारण १८५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने काळा माणूस नागरिक होऊच शकत नाही असं ठरवलं होतं. आणि १८९८ मध्ये ज्याच्यामुळे ते सगळ्यांना लागू झालं तो वाँग किम आर्क सॅन फ्रान्सिस्कोतला चिनी आईबापांचा मुलगा, स्वयंपाकी. आमची पोर त्यांच्या जिवावर अमेरिकन आहे.

आमच्या इथल्या एका ग्रुपवर मात्र 'ते बेकायदा घुसणाऱ्यांसाठी आहे, आपल्याला काय' हेच चालू होतं. आदेश कोणी उघडून वाचलाच नव्हता. तेव्हा इतिहासकारांनी बोलावं, मोठ्याने बोलावं.

---

तळटीप

एडिसनकर, मुलीचं अभिनंदन! पण तुम्हाला वाचवलं वकिलांनी, इतिहासकारांनी नव्हे.

उलट इतिहासकार कोर्टात गेले की काय होतं ते पाहा. २०२३ मध्ये हार्वर्डच्या प्रवेशांचा खटला झाला. वंश बघून प्रवेश देऊ नका म्हणणारे न्यायमूर्ती आणि द्या म्हणणारे, दोघांनीही रिकन्स्ट्रक्शनचाच इतिहास पानंच्या पानं उगाळला. त्याच वर्षी डिसेंबरात, बंडखोरांना पदबंदी करणाऱ्या १४व्या दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमावरून ट्रम्प यांचं नाव कोलोरॅडोच्या मतपत्रिकेवरून काढलं, तेव्हा नामवंत इतिहासकारांनी कोर्टाला निवेदनं दिली. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी तो निर्णय उलटवला: केंद्रीय पदासाठी हे कलम राज्यांना वापरता येणार नाही. पदरात काय पडलं? 'इतिहासकार म्हणजे अमुक पक्षाचे' हा शिक्का.

---

म्हसळ्याची माहेरवाशीण

तुमच्या दोघांच्या कोर्टकचेरीत जमीन कुठे गेली?

जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल शर्मनने दक्षिणेतला किनाऱ्यालगतचा पट्टा सुटलेल्या गुलामांना द्यायचा हुकूम काढला, कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत. सुमारे चाळीस हजार माणसं तिथे वसली, पेरणी केली. लिंकन गेले, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाले, त्यांनी जमिनी जुन्या मालकांना परत करायला लावल्या. हे सांगायला ऑक्टोबरात साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावर पाठवलं कोणाला, तर काळ्यांचा कैवारी म्हणून ओळखला जाणारा जनरल हॉवर्ड. त्याचा उजवा हात लढाईत गेलेला. मालकांना माफ करा म्हणाला. बेटावरच्या लोकांनी त्याला पत्र लिहिलं ते मूळातून वाचावं: तुमचा फक्त हात गेला, तोही लढाईत, तुम्ही माफ करू शकाल. ज्याने मला झाडाला बांधून एकोणचाळीस फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून फोडलं, त्याला मी कसं माफ करू?

जमीन गेली आणि पुढे वाट्याची शेती, सावकार, कर्ज. मत देणारा माणूस ज्याच्या शेतात राबतो त्याच्याच विरोधात मत कसा देणार?

आता घरचं. आमची जमीन कुळकायद्यात गेली. आजोबांच्या तोंडी एकच वाक्य: कुळांनी गिळली. माजली, दारू प्यायली, बांध मोडले, आंब्याची कलमं वाळवली. लहानपणी मला ते इतिहासासारखंच पाठ होतं. तिशीत डनिंगपंथी पुस्तकातला एक उतारा वाचला आणि अंगावर काटा आला, कारण तो आवाज ओळखीचा होता. गोष्टी समान नाहीत, मला माहीत आहे, आमच्या आजोबांनी कोणाला गोळ्या घातल्या नाहीत. पण सूर तोच. कुळाचं घर आमच्या अंगणातून दिसतं. त्यांची हकिगत मी आजवर एकदाही ऐकलेली नाही.

---

रोखठोक

इथे कांद्याला भाव नाही आणि तुम्ही दीडशे वर्षांपूर्वीची अमेरिका चघळताय. फुल्यांचं नाव घेतलं की कुठलाही धागा खपतो.

---

जुनी वही

रोखठोक, हे आमच्याही आधी बाबासाहेबांनी चघळलं आहे. १९४६ मध्ये त्यांनी खुद्द ड्यू बॉइसना पत्र लिहिलं: तुमचं लेखन वाचत आलो आहे, अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती इतकी सारखी आहे की तुमच्या प्रश्नाचा अभ्यास आम्हाला गरजेचा आहे. संयुक्त राष्ट्रांकडे निग्रोंनी जो अर्ज केलाय त्याच्या प्रती पाठवा. ड्यू बॉइसनी उत्तरही दिलं. आणि १९१३ ते १६ बाबासाहेब कोलंबियात होते, तेव्हा डनिंग तिथेच शिकवत होते!

---

तळटीप

एकाच विद्यापीठात होते, एवढंच. उद्या कोणीतरी 'डनिंगचे शिष्य आंबेडकर' असा फॉरवर्ड करेल.

माहेरवाशीणताई, तुमचा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात चांगला. जमिनीबद्दल पूर्ण सहमत.

आता १८७७. १८७६ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत वाद लागलेली २० इलेक्टोरल मतं, ती हेज यांना देणारा आयोगाचा ८ विरुद्ध ७ निकाल, हेज अध्यक्ष. नंतर दक्षिणेतल्या केंद्राच्या उरल्यासुरल्या सैन्याला बराकीत परत पाठवलं. पण काळ्यांचं मत त्या दिवशी मेलं नाही. लुइझियानात १८९६ मध्ये सुद्धा १,३०,००० च्या वर काळे मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये उरले १,३४२. ते काम १८९८ च्या नव्या राज्यघटनेने केलं: साक्षरतेची अट, मालमत्तेची अट, आणि ज्याच्या बापाला किंवा आजोबाला १८६७ आधी मत होतं त्याला सूट. म्हणजे मरण लांबलं, वीस वर्षं लढत लढत. 'पुन्हा १८७७' म्हणणारा ही वीस वर्षं पुसतो. हे काय डनिंगपेक्षा कमी ढोबळ आहे?

---

जुनी वही

हे मान्य. '१८७७ ला संपलं' हे मीही वर्गात सांगत आलो, चूक माझी. पण हा आकडा तुम्ही आत्ता का दिलात? आज कोणीतरी काहीतरी चुकीचं बोलतंय म्हणूनच ना? मग मी वेगळं काय म्हणतोय?

---

तळटीप

मी चूक दुरुस्त करतोय. तुम्ही बाजू घ्यायला सांगताय.

---

एडिसनकर

तळटीप, सांगा ना, तो आदेश आला तेव्हा आम्हाला जे वाटलं ती बाजू की चूक दुरुस्ती? पोर उठली, बाकीचं नंतर लिहितो.

---

म्हसळ्याची माहेरवाशीण

गणपतीला गावी जातेय. कुळाच्या घरच्या म्हाताऱ्या काकू अजून आहेत, नव्वदीच्या. यंदा त्यांच्याकडे बसायचं म्हणते.

---

तळटीप

ताई, जाण्याआधी जुने फेरफार काढून बघा. काकूंच्या आठवणीत तारखा चुकतील.

---

म्हसळ्याची माहेरवाशीण

फेरफार तलाठ्याकडे कधीही मिळतील हो. काकू नाही मिळणार. आधी त्यांच्याकडचा चहा.