व्हीएचएसच्या सुरुवातीचा लोगो बघून कॅसेटचं साल ओळखता येतं का?

टेपवेडा

नमस्कार मंडळी. अमेरिकन स्टुडिओंच्या होम व्हिडिओ कंपन्यांचे लोगो सालवार लावतोय. म्हणजे कॅसेट घातल्यावर, कॉपीराइटची सूचना झाली की सिनेमाच्या आधी जे फिरतं-चमकतं ते. थिएटरमधला डोंगर किंवा सिंह नव्हे. १९७७ ते साधारण २००० एवढा पल्ला धरलाय. हाताशी व्हीएचएस आहेत, काही पाल (आपल्याकडची, सेकंदाला २५ फ्रेमची टीव्ही पद्धत), काही एनटीएससी (अमेरिकेतली, साधारण ३० फ्रेमची). अडलेल्या गोष्टी अशा:

एकाच सिनेमाच्या दोन कॅसेटींवर वेगळे लोगो आणि लेबलवर साल मात्र एकच. मग कॅसेट कधीची धरायची? फॉक्सची इतकी नावं दिसतात की क्रम लागत नाही. लोगो फिल्मवर बनवलाय की थेट व्हिडिओवर, हे पडद्यावर बघून कसं ओळखायचं? आणि कॅप्चर करताना नेमकी पहिली दहा-पंधरा सेकंदंच वाकडी येतात, पुढचा सिनेमा व्यवस्थित. यंत्र बिघडलंय का?

कॅसेटकट्टा

फॉक्सपासून सुरू करतो, कारण त्यात पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. या धंद्यात लोगो बदलला की बहुतेक वेळा मागे कुठलातरी करार झालेला असतो. चित्रकाराची हौस क्वचित.

मॅग्नेटिक व्हिडिओ ही मिशिगनमधल्या फार्मिंग्टन हिल्सची, आंद्रे ब्ले यांची कंपनी. १९७७ मध्ये त्यांनी फॉक्सकडून ५० सिनेमांचे कॅसेटहक्क घेतले, आणि मोठ्या स्टुडिओचे सिनेमे कॅसेटवर विकायचा धंदा अमेरिकेत उभा राहिला. फॉक्सने पुढे कंपनीच विकत घेतली, तरी काही काळ नाव मॅग्नेटिकचंच चाललं. १९८२ मध्ये थोडे महिने ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्स व्हिडिओ, आणि त्याच वर्षी सीबीएसशी भागीदारी होऊन सीबीएस/फॉक्स. हा सीबीएस १९८० पासून एमजीएमबरोबर होता (एमजीएम/सीबीएस होम व्हिडिओ). तो तिथून उठला आणि एमजीएमने तोवर युनायटेड आर्टिस्ट्स घेतलेली असल्यामुळे तिकडे एमजीएम/यूए झालं. म्हणून १९८२ ला दोन्हीकडच्या पाट्या एकदमच बदललेल्या दिसतात. पुढे १९९१ मध्ये फॉक्सव्हिडिओ आणि १९९५ मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स होम एंटरटेनमेंट. गोंधळ होतो तो इथे: १९९१ नंतरही सीबीएस/फॉक्स हे नाव संपलं नाही, बीबीसीच्या अमेरिकन कॅसेटींवर ते चालूच राहिलं. तेव्हा ‘सीबीएस/फॉक्स दिसलं म्हणजे ऐंशीचं दशक’ असं धरू नका.

बाकीच्यांचंही असंच. सोनीने १९८९ मध्ये कोलंबिया घेतली, १९९१ मध्ये आरसीए/कोलंबियातलं आरसीए गळालं आणि कोलंबिया ट्रायस्टार होम व्हिडिओ आलं. एमसीए होम व्हिडिओचं १९९० च्या सुमारास एमसीए/युनिव्हर्सल झालं. १९९६ च्या डिसेंबरात मूळ कंपनीनेच एमसीए हे नाव टाकून युनिव्हर्सल स्टुडिओज घेतल्यावर कॅसेटींवरूनही ती तीन अक्षरं गेली. वॉर्नरच्या जुन्या कॅसेटींवर ढालीऐवजी तीन जाड, गोल टोकांच्या पट्ट्यांचा डब्ल्यू दिसतो, तो सॉल बास यांनी १९७२ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्ससाठी काढलेला. थिएटरच्या प्रिंटवर ढाल १९८४ मध्ये परतली, कॅसेटींवर त्यानंतर.

आता साल. लेबलवरचं साल बहुधा सिनेमाच्या किंवा पॅकिंगच्या हक्काचं असतं. कॅसेट कधी भरली त्याचं नव्हे. आणि लोगो चिकटलेला असतो मास्टरला, म्हणजे ज्या मूळ टेपवरून प्रती काढतात तिला. १९८४ ला तयार केलेल्या मास्टरवरून १९८९ ला नव्या प्रती काढल्या, खोकं नवं छापलं, तरी आत जुनाच लोगो निघतो. उलटंही होतं: जुन्या मास्टरच्या तोंडाशी नवा लोगो जोडायचा, कधी तर सिनेमाचा मूळ थिएटर लोगो झाकून. तो सांधा ऐकू येतो. चित्र नव्या कंपनीचं आणि सुरुवातीच्या संगीताची शेपटी जुन्या लोगोची, असं झालं की समजा ठिगळ आहे.

म्हणून नियम एकच: खोकं, लेबल आणि टेप या तिन्हींत मिळून जी सर्वांत नवी खूण सापडेल, कॅसेट त्याच्या आधीची असू शकत नाही. व्हीएचएस हाय-फाय असं छापलं असेल तर अमेरिकेत १९८४ च्या आधीची नाही. मॅक्रोव्हिजन (कॉपी करू न देणारा सिग्नल) असेल तर १९८५ च्या आधीची नाही. टीएचएक्सची (चित्र-आवाजाच्या दर्जाच्या प्रमाणपत्राची) खूण असेल तर सरळ नव्वदीच्या मध्याकडे या. सिनेमाआधी आगामी कॅसेटींच्या जाहिराती असतील तर त्या सगळ्यांत उपयोगी, कारण त्यातल्या सिनेमांच्या कॅसेट कधी आल्या ते शोधता येतं. नुसता लोगो ही त्यातली सगळ्यांत कच्ची खूण.

निळाहिरा

कट्ट्याशी सहमत, पण लोगो कच्ची खूण हे डिस्नेला तितकंसं लागू नाही. डिस्नेत खोक्यावरची मालिकेची मुद्रा आणि टेपवरचा लोगो बऱ्यापैकी बरोबर चालतात. १९८० पासूनच्या कॅसेटींवर निऑनच्या रेषांतला मिकी. क्लासिक्स मालिका १९८४ च्या डिसेंबरात रॉबिन हूडपासून सुरू झाली, तिच्या खोक्याच्या कण्यावर काळा हिरा. १९९४ मध्ये ती मालिका बंद होऊन मास्टरपीस कलेक्शन आलं. क्लासिक्समध्येही टेपवरच्या लोगोच्या आवृत्त्या बदलल्या, म्हणून खोक्यावर काळा हिरा दिसला की १९८४ ते १९९४ एवढंच म्हणा, त्याहून बारीक साल टेप लावून बघितल्याशिवाय सांगू नका. रिकाम्या खोक्यात दुसऱ्याच प्रतीची टेप असणं नेहमीचं आहे.

जाता जाता: काळ्या हिऱ्याच्या कॅसेटी लाखोंना जातात हे विसरा. अलादीनच्या १९९३ च्या कॅसेटच्या दोन कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. असली वस्तू दुर्मीळ कुठून असणार? विक्रीला लावलेली किंमत आणि खरंच मिळालेली किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

स्कॅनलाईन

फिल्म की व्हिडिओ, हे मी घेतो. डोळ्यांनी अंदाज बांधू नका, फील्ड मोजा. इंटरलेस्ड व्हिडिओत प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची असते, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम; त्यातलं एकेक अर्धं म्हणजे फील्ड.

कॅप्चर इंटरलेस्डच ठेवा. अविसिंथ या व्हिडिओवर प्रक्रिया करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून फील्डचा क्रम बरोबर सांगा, मग सेपरेटफील्ड्स ही फील्ड सुटी करणारी आज्ञा लावा आणि लोगोतली एखादी हलती कड एकेक फील्ड पुढे नेत बघा. एनटीएससीत कड दोन फील्ड थांबते, मग तीन फील्ड, परत दोन, परत तीन, असं दिसलं तर मूळ २४ फ्रेमची फिल्म. दर फील्डला कड सरकत असेल तर काम थेट व्हिडिओवर झालंय. पालमध्ये फिल्म असेल तर दोन-दोन फील्डची जोडी एकसारखी निघते, आणि व्हिडिओ असेल तर तिथेही दर फील्डला हालचाल. पालमध्ये कडेला पुसट दुसरी कड, दोन क्षण एकमेकांत मिसळल्यासारखे दिसले तर तो एनटीएससीवर बनवलेला लोगो पालमध्ये रूपांतरित केलाय. तुमच्या पाल कॅसेटींत हा प्रकार बराच सापडेल. मिश्र प्रकारही असतात: मागचं चित्र फिल्मचं, दोन-तीनच्या चालीत, आणि वर ‘होम व्हिडिओ’ ही अक्षरं व्हिडिओवर चढवलेली, दर फील्डला सरकणारी. म्हणून कड निवडताना दोन्हींची निवडा.

व्हिडिओवरचं काम निघालं तर पुढचा प्रश्न यंत्राचा. सत्तरीच्या शेवटी आणि ऐंशीच्या सुरुवातीला अक्षरं लवचिकपणे ताणली जातात, लाटा घेतात, प्रकाशाच्या रेघा सोडत जागेवर बसतात, तो बहुधा स्कॅनिमेट. डेन्व्हरच्या कॉम्प्युटर इमेज कॉर्पोरेशनमध्ये ली हॅरिसन यांनी बनवलेला हा ॲनालॉग संगणक. काळ्या-पारदर्शक फिल्मवर कापलेलं अक्षरचित्र मागून उजेड देऊन कॅमेऱ्याने टिपायचं, ते एका मॉनिटरवर दाखवायचं, त्या मॉनिटरचा किरण ऑसिलेटरच्या व्होल्टेजने वाकवायचा आणि पडदा दुसऱ्या कॅमेऱ्याने पुन्हा टिपायचा. रंग शेवटी: करड्याच्या पाच पायऱ्या, प्रत्येकीला एक रंग. त्यामुळे स्कॅनिमेटचा रंग सपाट असतो, आणि अक्षर फार ताणलं की त्याच्या आतल्या रेषा सुट्या होऊन दिसतात. ती पक्की खूण. मांडणी सगळी वायरी आणि बटणांची, जतन करायची सोय नाही, यंत्र तापलं की व्होल्टेज सरकतं. म्हणून उद्या तोच लोगो परत काढायचा म्हटलं तर हुबेहूब निघत नसे. एकाच लोगोच्या जवळपास सारख्या दोन आवृत्त्या सापडल्या तर कॅसेटच्या दोषाच्या आधी हे कारण तपासा.

१९८१ नंतर अँपेक्सचं एडीओ हे डिजिटल व्हिडिओ-इफेक्टचं यंत्र आलं. पत्त्यासारखी सपाट पाटी खोलीत गरगरत येते, वळताना कडेला जाडी शून्य, तो एडीओचा नमुना. चित्र गुंडाळतंय, पान उलटतंय, गोळ्यावर चढतंय असं असेल तर क्वांटेलचा मिराज (१९८२). खरी जाडी, धातूची झिलई आणि त्या झिलईत फिरणारं प्रतिबिंब आलं की संगणकाने गणित करून काढलेली त्रिमिती. तिथे फील्डची परीक्षा परत लावाच, कारण असली कामं एकेक फ्रेम करून फिल्मवरही उतरवत.

टेपवेडा

स्कॅनलाईन, फील्डची युक्ती एकदम कामाची. एक राहिलं: एकाच कंपनीच्या लोगोचं संगीत पालवर कधी चढ्या सुरात लागतं, कधी नाही. त्याचा याच्याशी संबंध आहे ना? आणि पहिल्या पंधरा सेकंदांचं कोणीतरी सांगा.

पट्टीपाल

संबंध आहे. २४ फ्रेमची फिल्म पालमध्ये २५ ने चालवतात. वेग ४.१७ टक्के वाढतो आणि सूर साधारण ०.७ सेमीटोन चढतो, म्हणजे अर्ध्या सुराच्याही जरा आत. एनटीएससी व्हिडिओचं रूपांतर करताना वेळ बदलत नाही, सूरही बदलत नाही. तेव्हा चढा सूर आणि फील्डच्या जोड्या हे एकत्र यायला हवं, आणि मूळ सूर व मिसळलेल्या कडा हे एकत्र. मूळ वेगावर आणायचं असेल तर फक्त पहिल्या प्रकाराला २५ वरून २४ करा. सरसकट सगळी फाइल ९६ टक्क्यांवर आणली की पुढचा सिनेमा सुधारतो आणि व्हिडिओवरचा लोगो बिघडतो. लोगो वेगळा कापून घ्या.

वाकडी सुरुवात: यंत्र बिघडलंय असं मानायच्या आधी दोन कारणं बघा. लोगो रिळाच्या अगदी तोंडाशी असतो. टेप ड्रमभोवती ओढली जाते, सोडली जाते, ती दर वेळी इथेच, शिवाय भाड्याच्या कॅसेटींचा हाच तुकडा सगळ्यांत घासलेला. दुसरं म्हणजे ऑटो ट्रॅकिंगला (हेड टेपवरच्या नोंदीवर नेमका आपोआप बसवण्याला) जुळवून घ्यायला काही सेकंद लागतात, तोवर लोगो संपतो.

करायचं असं. आधी झडप उघडून कडा बघा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पांढरी बुरशी धरते; ती दिसली तर कॅसेट यंत्रात घालूच नका, हेड भरतो आणि पुढच्या चांगल्या कॅसेटींनाही लागण होते. स्वच्छ असेल तर शेवटपर्यंत पुढे पळवा, मग पूर्ण मागे, म्हणजे गुंडाळीचा ताण सारखा होतो. दोन-तीन मिनिटं सिनेमा चालवून ट्रॅकिंग हाताने लावा, ऑटो बंद ठेवा, कॅसेट बाहेर न काढता मागे घ्या. काही यंत्रं कॅसेट काढली की ट्रॅकिंग परत ऑटोवर नेतात, म्हणून हे शेवटचं महत्त्वाचं. कॅप्चर आधी सुरू करायचं, प्ले नंतर दाबायचं.

जोडणी एस-व्हिडिओने. व्हीएचएसवर उजळपणा आणि रंग वेगळेच नोंदलेले असतात. काँपोझिटने ते एकत्र करून परत फोडले की अक्षरांच्या कडेवर ठिपके रांगायला लागतात, आणि लोगोत कडाच तर असतात. लोगोतल्या उभ्या रेषा नागमोडी येत असतील तर लाईन टीबीसी (प्रत्येक ओळीची वेळ सरळ करणारं सर्किट) असलेलं यंत्र लागेल, सॉफ्टवेअरने ते नीट होत नाही. चित्र ठराविक लयीत उजळ-मंद होत असेल तर तो बहुधा मॅक्रोव्हिजनचा परिणाम आहे, हेड उगाच घासत बसू नका. कॅप्चर पाल ७२० बाय ५७६, ४:२:२ (आडवा रंग उजळपणाच्या निम्म्या बारकाईने), हफयूव्ही (काही न गमावता दाबणारा कोडेक). न दाबता सेकंदाला २०.७ एमबी होतात, हफयूव्हीने साधारण निम्मे किंवा त्याहून कमी. लोगो अर्ध्या मिनिटाचा, तेव्हा जागा वाचवायला एमपीईजी-२ मध्ये घेण्यात काही अर्थ नाही. झिलईवरच्या हलक्या छटांचे चौकोन होतात. तळाशी चारेक ओळी फाटलेल्या दिसतील, ते एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जाण्याचं ठिकाण, प्रत्येक व्हीएचएसला असतं. टीव्हीवर ते कडेच्या आड जायचं. मूळ फाइलमध्ये कापू नका.

टेपवेडा

झकास. पुढच्या टप्प्यात शेमारू, मोझर बेअर वगैरेंच्या व्हीसीडी घेणार आहे. तिथेही हीच पद्धत चालेल?

कॅसेटकट्टा

फील्डची परीक्षा तिथे बाद. व्हीसीडी एमपीईजी-१, पालमध्ये ३५२ बाय २८८, त्यात इंटरलेस नाहीच. मिसळलेल्या कडा तेवढ्या टिकतात, त्यावरून रूपांतर ओळखा. शेमारू १९६२ ला मुंबईत पुस्तकांची सर्क्युलेटिंग लायब्ररी म्हणून सुरू झाली, १९७९ पासून व्हिडिओ लायब्ररी. त्यामुळे त्यांच्या व्हीसीडीच्या आधीच्या कॅसेटी शोधल्याशिवाय क्रम अपुरा राहील. मोझर बेअरचा पल्ला छोटा आहे. २००७ च्या सुमारास २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी आणली तेव्हापासून पुढची थोडी वर्षं.

पट्टीपाल

आणि एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल नुसती कॉपी-पेस्ट करू नका. व्हीसीडीच्या व्हिडिओ सेक्टरांत डेटा सीडीसारखी चुका दुरुस्त करायची जादा माहिती नसते, चरा असला की विंडोज मध्येच अडकून कॉपी सोडून देतं. आयसोबस्टर किंवा व्हीसीडीएक्सरिपने ट्रॅक काढा, ते खराब सेक्टर ओलांडून पुढे जातात आणि सरळ एमपीजी देतात. दोन डिस्कच्या संचात दुसऱ्या डिस्कचाही पहिला ट्रॅक तपासा. काही वेळा तिथे लोगोची छोटी आवृत्ती असते.