माद्रिद 1979: मतं कमी पडूनही तिएर्नो गाल्व्हान महापौर कसे झाले?

वाटसरू७१ (प्रश्न):
स्पेनचा हुकूमशहा फ्रँको 20 नोव्हेंबर 1975ला गेला, संविधानावर सार्वमत 6 डिसेंबर 1978ला झालं. पण माद्रिदकरांनी स्वतः निवडलेली नगरपरिषद आली थेट एप्रिल 1979मध्ये. मधल्या काळात शहराचा गाडा कोण हाकत होतं? मतं यूसीडी या मध्यममार्गी पक्षाला जास्त होती, मग महापौर समाजवादी कसा? आणि त्याला खरे अधिकार होते, की आपल्याकडच्यासारखं महापौर मिरवणार आणि फायलीवर सही आयुक्त करणार?

नकाशेवाला:
मधल्या काळात जुनीच व्यवस्था चालली. माद्रिद आणि बार्सिलोनाचा महापौर वरून नेमला जायचा. ही खुर्ची किती वजनाची होती ते बघा: कार्लोस आरियास नाव्हारो 1965 ते 1973 माद्रिदचे महापौर होते, त्याच वर्षाअखेर पंतप्रधान झाले. फ्रँको गेल्याची बातमी टीव्हीवर त्यांनीच सांगितली.

नगरपालिका निवडणुकीचा कायदा जुलै 1978चा. मतदान 3 एप्रिल 1979ला झालं, म्हणजे 1931नंतर पहिल्यांदाच. पक्षाची बंद यादी (मत उमेदवाराला नाही, यादीला), 5 टक्क्यांचा उंबरठा आणि जागावाटप द'ओंत पद्धतीने. माद्रिदला 59 जागा. यूसीडीला सुमारे 40.3 टक्के, पीएसओई म्हणजे समाजवादी पक्षाला 39.5, कम्युनिस्टांना 14.7.

प्रत्येकाचा आकडा 1, 2, 3 असा भागत जायचा आणि सगळ्यांत मोठे 59 भागाकार उचलायचे. यूसीडीचा 25वा भागाकार 1.61 येतो, कम्युनिस्टांचा 9वा 1.63, पीएसओईचा 25वा 1.58. यूसीडीचा 26वा 1.55, तो थोडक्यात बाहेर. म्हणून 25, 25, 9.

आता महापौर. तो नगरसेवकच निवडतात. यादीच्या अग्रभागी असलेल्यांपैकी कुणाला निम्म्याहून जास्त, इथे 30, मतं पडली तर तो. कुणालाच नाही पडली तर सर्वाधिक मतांच्या यादीचा प्रमुख आपोआप महापौर. डावे वेगवेगळे लढून सभागृहातही वेगळेच राहिले असते, तर खुर्ची यूसीडीच्या होसे लुईस आल्व्हारेसना गेली असती. गंमत म्हणजे हेच आल्व्हारेस त्याआधी नेमणुकीने महापौर होते. पण समाजवादी-कम्युनिस्ट करार झाला आणि 19 एप्रिलला समाजवाद्यांचे तिएर्नो 34 मतं घेऊन निवडून आले. तो शेवटचा भागाकार उलटा पडला असता तरी डाव्यांकडे 33 उरत होते, त्यामुळे निर्णायक ठरला तो करारच.

जुनेबाड:
अधिकारांबद्दल. तिथला महापौर कार्यकारी प्रमुख असतो, आपल्या आयुक्तासारखं वर कुणी बसलेलं नसतं. अडचण वेगळीच होती: निवडणूक नवी, कायदा जुना. नगरसेवक लोकांनी निवडलेले, पण कारभार 1955च्या फ्रँकोकालीन स्थानिक शासन कायद्याखाली. त्यात वरच्या देखरेखीची आणि मंजुऱ्यांची साखळी होती. 1981च्या कायद्याने ती बरीच सैल झाली, पण पूर्ण नवा पायाभूत कायदा आला एप्रिल 1985मध्ये. म्हणजे तिएर्नोंची जवळपास सगळी कारकीर्द उसन्या कपड्यांत गेली. 1979 ते 83च्या कामांचा वेग मोजताना लोक हे विसरतात.

आणखी एक: आघाडीत उपमहापौर कम्युनिस्टांचे रामोन तामामेस होते, ते 1981मध्ये बाहेर पडले. 1983ला पीएसओईला 57पैकी 30 जागा मिळाल्या, तेव्हा कुठे स्वबळ आलं.

नकाशेवाला:
कामांचं बोलायचं तर माझ्या मते मोठं काम दिसत नाही असं आहे: सांडपाणी. मान्सानारेस ही नदी म्हणजे जेमतेम ओढा, आणि शहराचं मैलापाणी तिच्या स्वतःच्या प्रवाहावर मात करणारं. अशा नदीत घाण पातळ व्हायला पाणीच नसतं. जंतू मैला खाताना प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. काठावर झाडं लावून ते सुटत नाही. आधी वाहिन्या मुख्य नळाला जोडायच्या, मग ला चिना, बुतार्के यांसारख्या केंद्रांत शुद्ध करून पाणी सोडायचं. ते झाल्यावरच नदीत बदकं आणि मासे सोडले. फोटो बदकांचे छापून आले, खर्च मात्र जमिनीखाली झाला.

दिसणारं काम आतोचा रेल्वे स्टेशनसमोरचा उड्डाणपूल. 1968चा, आरियासांच्या काळातला. खेळण्यातल्या मोटारींच्या ट्रॅकवरून लोक त्याला 'स्कालेक्स्त्रिक' म्हणत. खिडक्यांच्या उंचीवरून वाहतूक, स्टेशनचा दर्शनी भाग झाकलेला. 1985-86मध्ये तो पाडला आणि वाहतूक बोगद्यात घातली.

पाटीवाचक:
तिएर्नो हा माणूसही बघा. 1918चा जन्म, कायद्याचे प्राध्यापक. विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले म्हणून 1965मध्ये विद्यापीठातून काढलेले. स्वतःच्या छोट्या पक्षाला 1977ला संसदेत 6 जागा, वर कर्ज. 1978मध्ये तो पीएसओईत विलीन. प्राध्यापकीवरून टोपणनाव 'म्हातारे प्राध्यापक'.

त्यांचे 'बांदो', म्हणजे महापौरांची जाहीर फर्मानं, भिंतींवर लागायची, स्वच्छतेपासून कार्निव्हलपर्यंत. भाषा मुद्दाम शेकडो वर्षं जुनी. कचरा उचलण्याची नोटीस बखरीच्या मराठीत निघावी तसं. हुकूमशाहीची सूचना दरडावते. ही वाचून लोक हसायचे आणि पूर्ण वाचायचे. आणि 1980मध्ये फालान्हे या फॅसिस्ट पक्षाचा संस्थापक होसे आंतोनियो याच्या नावाच्या रस्त्याला पुन्हा 'ग्रान व्हिया' नाव दिलं, जे लोक तसंही कधी सोडून बसले नव्हते.

वाटसरू७१:
पदावर असताना वारले ना? मग पुन्हा निवडणूक?

जुनेबाड:
हो, 19 जानेवारी 1986. पोटनिवडणूक नाही. नगरसेवकांनीच पुन्हा मतदान केलं आणि त्याच पक्षाचे हुआन बारांको महापौर झाले.