१७ वर्षांची लेक, आईचा देश आणि एकटीचा प्रवास: पाठवावं का?

धागाकर्ता (पुणे)
माझी बायको जपानची, ओकायामाजवळच्या एका खेड्यातली. लेक पुण्यात जन्मली, इथेच वाढली, आता १७ पूर्ण. ऑगस्टमध्ये तिला १६ दिवस एकटीने जपानला जायचंय. आधी क्योतो, नारा, मग शिकोकू बेटावरच्या ८८ मंदिरांच्या यात्रेतली पहिली काही मंदिरं पायी आणि शेवटचे ३ दिवस आजीकडे. शाळेत जाईपर्यंत ती आईशी जपानीतच बोलायची. पुढे आईने जपानीत विचारलं तरी उत्तर मराठीत यायला लागलं. २०२१ मध्ये आजोबा गेले. बायको एकटीच गेली, पण १४ दिवसांच्या विलगीकरणात अंत्यविधी हुकला. लेकीने अजून त्यांची कबर पाहिलेली नाही. माझ्या मते पाठवावं. घरात एकमत नाही, म्हणून विचारतोय.

सातारची काकू
दादा, स्पष्ट लिहिते, राग मानू नका. १३ दिवस देवळं आणि ३ दिवस आजी, हे उलटं झालं. ऑगस्टच्या मध्यात तिकडे ओबोन असतो, आपल्या पितृपक्षासारखा. पितर घरी येतात आणि नात कुठे, तर क्योतोला फोटो काढतेय? संस्कृती शोधायला निघालीय ना? मग ती आजीच्या स्वयंपाकघरात आहे. आईला सोबत घेऊन जाऊ दे.

निशीकासाईहून
तोक्योत राहतो, दोन मुलं इथल्या शाळेत. सुरक्षेची काळजी असेल तर ती सोडा. इथे पहिलीतली पोरं पाठीवर दप्तर टाकून एकटी शाळेत जातात, वाट चुकली तर चौकातल्या पोलीस चौकीत विचारतात. फक्त एक करा: जपानमध्ये २०२२ पासून १८ व्या वर्षी सज्ञान धरतात, त्यामुळे १७ च्या मुलीकडे बरीच हॉटेलं पालकांचं संमतीपत्र मागतात. ते जपानीत लिहून द्या.

अर्धा-पुणेरी
मी अशाच घरातला, म्हणून विरोधात लिहितोय. १९ व्या वर्षी मीही असाच गेलो होतो. दुकानात तोंड उघडलं की समोरचा कौतुकाने म्हणायचा, 'तुम्ही जपानी छान बोलता!' तो मनापासून म्हणतो, आपण आतून तुटतो, कारण त्याचा अर्थ एवढाच की तू इथला नाहीस. आमच्यासारख्यांना तिथे 'हाफू', म्हणजे अर्धे, म्हणतात. वडील भारतीय असलेली प्रियांका योशिकावा तोक्योत जन्मली. २०१६ मध्ये ती मिस वर्ल्ड जपान झाली, तरी 'ही खरी जपानी कुठे?' हे तिला ऐकावं लागलं. तुमच्या लेकीकडे दोन्ही नागरिकत्वं असतील तर २० वर्षांची होईपर्यंत जपानच्या कायद्याप्रमाणे एक निवडावं लागेल, आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानतच नाही. एवढं ओझं घेऊन १७ वर्षांची पोर १६ दिवसांत काय शोधणार? बारावी होऊ दे, मग वर्षभर तिकडे शिकायला पाठवा. रोज त्याच गाडीने, त्याच माणसांत जाऊ-येऊ दे.

मुळशीची मावशी
काकू, आई सोबत गेली तर ती कायम आईच्या पदराआडच राहील. माझी भाची कानडी आजोळी आईबरोबर गेली की गप्प, कारण आई बोलते ना! एकटी गेली त्या सुट्टीत आठव्या दिवशी भाजीवाल्याशी भांडून आली, कानडीत. चुकायला मोकळीक लागते, आणि घरचं माणूस शेजारी असलं की ती मिळत नाही. 'छान बोलता' ऐकून दुखेल हे मान्य. पण ते तिचं तिला कळू दे की.

सातारची काकू
मावशी, हे पटलं. आईची सोबत हवी, हे मी मागे घेते. ओबोनचं मात्र सोडत नाही. काडीचे पाय लावून काकडीचा घोडा करतात आणि वांग्याची गाय. पितरांनी घोड्यावरून लवकर यावं आणि जाताना गाईवरून सावकाश जावं. हे हाताने करण्यासारखं आहे, आणि आजोबांसाठी करायचं आहे.

धागाकर्ता (पुणे)
सगळं बायकोला वाचून दाखवलं. घोडा-गाईपाशी ती उठून आत गेली. लहानपणी तिच्याकडेच ते काम असायचं, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. लेकीने बेत उलटा केलाय. १२ तारखेला थेट आजीकडे, १३ ला दारात पितरांसाठी विस्तव पेटवायचा, १६ ला निरोप. कबरीचा दगड धुवायचं कामही तिचंच. उरलेले दिवस एकटीचे, शिकोकू धरून. अर्धा-पुणेरी, तुमचं लिहिणं तिने दोनदा वाचलं. 'तरी जायचंय,' म्हणाली. आजीने फोनवर सांगितलं की वांगी परसात आहेत, काकडी मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातून तिनेच जाऊन आणायची.

अर्धा-पुणेरी
आजीकडे जातेय हे उत्तम. शिकोकूला ऑगस्टच्या उन्हात एकटीने चालणं मला अजून पटत नाही. यात्रेकरूंच्या टोपीवर 'दोग्यो निनिन', म्हणजे दोघं मिळून, असं लिहिलेलं असतं. दुसरे म्हणजे सोबत चालणारे संत कोबो दाइशी, हे खरं, पण पाण्याची बाटली ते भरून देत नाहीत. सकाळी ११ नंतर चालू नको म्हणावं.