इंटरनेटवर चालणाऱ्या फोनचं इनकमिंग वाजत नसेल तर हे तपासा
अशा फोनवर आवाज एकाच बाजूने येतो म्हणजे नेट स्लो, मोठा प्लॅन घ्या, असा सल्ला कोणी दिला तर तो मला पटत नाही. जी.७११ कोडेकवर (आवाजाचा डेटा करायची एक पद्धत) एका कॉलला एका दिशेने साधारण ८७ केबीपीएस लागतात, गावातली साधी फायबर लाइनही तेवढं आरामात देते. दोष बहुतेक वेळा राउटरमधल्या 'सिप एएलजी'चा, म्हणजे इंटरनेट कॉलच्या संदेशांत फेरफार करणाऱ्या सेटिंगचा असतो. ते बंद करा हा सल्ला अगदी बरोबर, पण तेवढ्यावर थांबू नका.

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना) असे फोन बसवले तेव्हा वेगळाच प्रकार होता. वजनकाट्यावरून बाहेर फोन लागायचा, आवाजही स्वच्छ, पण बाहेरून लावला की तिथला फोन वाजायचाच नाही. काट्यावरच्या माणसाने नुकताच कुणाला फोन केला असेल, तर मात्र मागोमाग आलेला कॉल वाजायचा. ही खूण पक्की लक्षात ठेवा. फोन कॉल पोचवणाऱ्या सर्व्हरकडे ३६०० सेकंदांनी पुन्हा रजिस्टर होत होता, म्हणजे आपला पत्ता कळवत होता, आणि राउटर मात्र यूडीपीची (ज्या पद्धतीने हे संदेश ये-जा करतात ती) रिकामी पडलेली वाट अर्ध्या मिनिटात बंद करत होता, मग बाहेरचा कॉल आत येणार कुठून. फोनच्या सेटिंगमध्ये 'कीप अलाइव्ह' (वाट उघडी राहावी म्हणून मधूनमधून छोटा संदेश पाठवणं) २० सेकंदांवर ठेवलं आणि इनकमिंग सुरू झालं. सीझनमध्ये कापसाच्या गाड्या रांगेत असताना काट्याचा फोन लागला नाही तर शेतकऱ्याचा खोळंबा होतो हो! म्हणून बसवल्यावर लगेच टेस्ट करून निघू नका. फोन दहा मिनिटं तसाच पडू द्या, मग बाहेरून लावून बघा. आणि इन्व्हर्टरवर राउटरसोबत फायबरचा डबा नि नेटवर्क स्विचही घ्या, लाइट गेली की नेमके तेच राहिलेले असतात.