चंद्रताल: आई-बाबांना कोणत्या वाटेने न्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन हिमाचलमधल्या स्पितीतल्या चंद्रतालला जायचं ठरवतोय. तलाव साधारण ४,२५० मीटर उंचीवर आहे, खरी काळजी विरळ हवेचीच. मागे रोहतांगला गाडीतून उतरून वीस पावलं चालली नसेल तोच आईला धाप लागली, बोटं गार पडली. खाली उतरल्यावर बरी झाली, पण तिचा तो चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

मनालीहून ग्राम्फू, बातलमार्गे एका दिवसात पोचता येतं, पण शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून शिमला, किन्नौर, काझा असं हळूहळू चढत कुंझुम खिंडीतून यावं म्हणतोय. दिवस जास्त लागतील, लागू देत.

साठीपुढच्या माणसांना घेऊन कुणी या वाटेने गेलंय का? काझाला किती मुक्काम केलेत? तलावाकाठी तंबू लावायला बंदी आहे. मग अलीकडच्या कॅम्पवरची रात्र वडीलधाऱ्यांना झेपते, की दिवसाच बघून परतावं? गाडी थांबते तिथून पुढची चाल कितपत दमवते? उंचीवरच्या त्रासासाठीच्या डायमॉक्स गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलणारच आहे.

आईला ते निळं पाणी दाखवायचंच आहे. अनुभव असेल तर जरूर लिहा.